चाकाला दगड

सस्काटूनमध्ये ऑक्टोबर लागला की आपल्या मंडळींच्या फोनवर दोनच विषय असतात. भाजणी कुणाकडे आलीय आणि टायर कधी बदलायचे. तापमान सात अंशांच्या खाली रेंगाळायला लागलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटायला लागते. म्हणून पहिला बर्फ पडायच्या आत हिवाळी टायर चढवायचे, हे इथे आल्यावर पहिल्याच वर्षी प्रत्येकाला कुणीतरी सांगतं. गेली काही वर्षं आमच्या ओळखीची पाच-सहा घरं हे काम आमच्याच गॅरेजमध्ये एका शनिवारी उरकतात. बायका-मुलं वर फराळाचं बघतात, आम्ही खाली पाने घेऊन बसतो. निदान सुरुवातीला अशी वाटणी होती. आता खालच्या कामाची मुकादम आमची लेक आहे आणि चिवडा परतायला मी वर जातो.

त्या शनिवारी नव्याने आलेला प्रत्येक जण विचारतो, "दादा, टायरच तर बदलायचे आहेत. एवढ्या पाचरी, एवढे स्टँड, एवढी तपासणी कशाला?" मी दर वेळी हसून वेळ मारून नेतो. यंदा ठरवलं की एकदा नीट लिहून टाकावं.

ही गोष्ट एका लाल गाडीपासून सुरू होते. २०१५ च्या उन्हाळ्यात मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून माझदाची मियाटा घेतली. १९९४ ची. दोन माणसांची, उघड्या टपाची, दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर काढणारी. या गाडीचा पहिला अवतार १९८९ मध्ये आला आणि वजन जेमतेम एक टन, त्यामुळे ती चालवताना रस्ता थेट हाताला कळतो. बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "यात आपण तिघं कुठे बसणार?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

पण मी गॅरेजवाल्याचा मुलगा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आबांचं गॅरेज होतं. टेम्पो, मॅटाडोर, जीप, कुठली ना कुठली गाडी कायम पोट उघडं टाकून पडलेली असायची. गंमत म्हणजे आबांनी मला कधी पान्याला हात लावू दिला नाही. शाळेतून आलो की, "घरी जा, अभ्यास कर." मी सांगलीला वालचंदमध्ये मेकॅनिकलची पदवी घेतली, तरी गॅरेजच्या उंबऱ्यावर मी पाहुणाच. ती लाल गाडी घेताना, आता माझ्या दारात तरी मला कोण अडवणार, असं कुठेतरी मनात असणारच.

स्वस्त गाडीची दुरुस्ती महाग असते, म्हणून मी घरीच काम करायला लागलो. इथे पहिली अडचण आली ती गाडीखाली जॅक घालण्याची. अशी गाडी जमिनीला इतकी लगटून असते की साधा ट्रॉली जॅक पुढून आत जातच नाही. मग मी एक युक्ती केली. दीड इंच जाडीच्या फळ्या चाकांपुढे ठेवल्या आणि गाडी हळूच त्यांच्यावर चढवली. मिळालेल्या तेवढ्याशा उंचीत जॅक आत सरकला. जॅकची वाटी नेमकी कुठे टेकवायची तेही पुस्तकातून पाठ केलं. पुढे मधल्या आडव्या तुळईवर, मागे डिफरन्शियलच्या पोटावर, बाजूने लावायचा असेल तर दाराखालच्या कडेवर खुणा केलेल्या जागी. ती कड म्हणजे पत्र्याची उभी शिवण. वाटी तिच्यावर थेट टेकवली तर ती दुमडते, म्हणून मध्ये खाच असलेला रबरी ठोकळा लागतो. शिवाय या गाड्या मागच्या चाकापुढे नेमक्या तिथेच आतून गंजतात. टपावरचं पाणी जायची नळी पाल्यापाचोळ्याने तुंबली की पाणी त्या पोकळीत साचतं. वरून रंग छान दिसतो आणि जॅक लावला की पत्रा पापडासारखा मोडतो.

हे सगळं मला माहीत होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझी नोकरी पोटॅशच्या खाणीत, यंत्रांच्या देखभालीची. जमिनीखाली एक किलोमीटर. तिथला पहिला धडा हा की यंत्राला हात लावायच्या आधी वीज तोडायची आणि स्विचवर आपलं नाव असलेलं कुलूप घालायचं. चार जण काम करत असतील तर चार कुलपं, आणि किल्ली ज्याची त्याच्याच खिशात. दुसरा धडा असा की टांगलेल्या किंवा नुसत्या उचलून धरलेल्या वजनाखाली कुणी जायचं नाही. नवीन पोरांना हे मीच शिकवतो. आठवडाभर शिकवायचो, आणि रविवारी घरी येऊन नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचो.

२०१६ मध्ये आबा आणि आई मे महिन्यात आले, ते ऑक्टोबरपर्यंत राहणार होते. आबा तेव्हा बहात्तर वर्षांचे. पहिले दोन महिने ते मियाटाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. लांबून बघायचे आणि बागेत जायचे. मला वाटायचं, त्यांना हे पोरकट खेळणं वाटत असेल.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी मी मागचे ब्रेक करायला घेतले. गाडी दारातल्या काँक्रीटच्या उतारावर, नाक गॅरेजकडे. आपल्याकडच्या सगळ्याच घरांपुढचा हा भाग पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याकडे उतरता असतो. तो उतार डोळ्यांना जाणवत नाही, चाकांना जाणवतो. डिफरन्शियलखाली जॅक लावला, मागची दोन्ही चाकं उचलली, डावं चाक काढून बाजूला ठेवलं. स्टँड गॅरेजच्या मागच्या फळीवर होते, पुढे बर्फ ढकलायचं यंत्र उभं होतं. पाच मिनिटांचं तर काम. लेक तेव्हा तिसरीत होती, माझ्या पायांशी बसून पाने हातात देत होती.

आबा चहाचा कप घेऊन बाहेर आले. गाडीकडे बघून म्हणाले, "चाकाला दगड कुठं हाय?"

मी म्हणालो, "आबा, गाडी गिअरमध्ये आहे. हँडब्रेकही होता, आत्ताच काम करायला सोडला."

ते काही बोलले नाहीत. कप कठड्यावर ठेवला. मी काढून ठेवलेलं चाक त्यांनी उचललं आणि दाराखालच्या कडेखाली उभंच सरकवायला गेले. ते बसेना, तेव्हा आडवं करून आत ढकललं. मग नातीला म्हणाले, "चल, आपण दगड हुडकूया." दोघं बागेकडे गेली. मला थोडा रागच आला होता. चाळीस वर्षं झाली तरी माझ्यावर विश्वास नाही, वगैरे.

कॅलिपरचा बोल्ट गंजून बसला होता. मी खाली सरकलो, खांदा आत घेतला आणि पान्यावर जोर लावला. गाडी किंचित हलली. पुन्हा जोर लावला. पुढे काय झालं ते मला नंतर काँक्रीटवरच्या ओरखड्यांवरून समजलं. गाडी मागे सरकायला लागली आणि तिच्याबरोबर जॅकही आपल्या चाकांवर सरकला. काँक्रीटच्या दोन लाद्यांमधल्या फटीत जॅकचं चाक अडकून तो थांबला. गाडी थांबली नाही. वाटी डिफरन्शियलखालून निसटली आणि गाडी खाली बसली.

ती बसली आबांनी ठेवलेल्या चाकावर. त्या टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. माझा खांदा आणि गाडीचं पोट यांच्यामध्ये तेवढंच काहीतरी उरलं होतं. दंडाची कातडी सोलून मी बाहेर आलो. समोर लेक उभी होती, दोन्ही हातांत एक दगड धरून. रडली नाही, काही बोलली नाही. आबांनी तिच्या हातातला दगड घेतला, पुढच्या चाकामागे ठेवला आणि पायाने ठोकून घट्ट केला. मग माझ्याकडे वळले.

"हँडब्रेक कुठल्या चाकांना असतोय?"

"मागच्या."

"गिअर कुठल्या चाकांना?"

"मागच्या."

"आन् तू वर कुठली उचललीस?"

मेकॅनिकलची पदवी घेतलेल्या माणसाला हे तीन प्रश्न पुरले. या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. ती दोन्ही चाकं हवेत गेली की ब्रेक ओढा नाहीतर गिअर टाका, हवेतल्या चाकांना रोखून काय उपयोग? जमिनीवर उरलेली पुढची चाकं मोकळी. त्यांना अडवायला एक दगड हवा होता. जॅकचंही तसंच. त्याचा दांडा सरळ वर जात नाही, कमानीत फिरत जातो. म्हणून उचलताना जॅकला थोडं पुढेमागे सरकावंच लागतं आणि त्यासाठीच त्याला चाकं असतात. सपाट जमिनीवर ही सोय असते, उतारावर तोच धोका होतो.

त्या रात्री बायको माझ्याशी बोलली नाही. आई देवापुढे बसली. आबा आणि मी मागच्या पायऱ्यांवर बसलो, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून गॅरेजची गोष्ट ऐकली.

१९८३ चा पावसाळा. मी नऊ वर्षांचा होतो. गॅरेज दहा दिवस बंद होतं एवढं मला आठवतं, मला वाटलं होतं गणपतीची सुट्टी. आबांकडे एक पोरगा कामाला होता, सतरा वर्षांचा. एक मॅटाडोर आली होती, गिऱ्हाईक दारात थांबलं होतं. गाडी खाली टेकवायच्या लोखंडी तिवया, ज्यांना गॅरेजात घोडी म्हणतात, त्या दोन्ही दुसऱ्या जीपखाली होत्या. आबा आत पैसे मोजत होते. आतूनच ओरडले, "आवर लवकर, माणूस थांबलाय." पोरगा नुसत्या जॅकवर खाली शिरला. अंगणातली माती पावसाने मऊ झाली होती आणि जॅकखाली फळी नव्हती. जॅकची एक बाजू जमिनीत रुतली आणि तो कलंडला.

पोरगा वाचला. मांडीचं हाड मोडलं, पाय आखूड झाला. आबांनी त्याला ओळखीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर लावून दिलं, त्याच्या लग्नालाही ते गेले. पण गॅरेजात त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. "त्यानं न्हाई घोडी आणली, पर घाई मी लावली," आबा म्हणाले. "म्हणून तुला आत येऊ दिलं न्हाई. तुला वाटलं आसंल, बाप शिकवत न्हाई."

मला तसंच वाटत आलं होतं. तेहतीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आबा गॅरेजमध्ये हजर. "आता शिकवतो," म्हणाले. त्यांच्या हाताखाली मी जे शिकलो ते लिहितो. नव्याने आलेल्यांनी हा परिच्छेद कापून गॅरेजच्या भिंतीला लावला तरी चालेल.

गाडी सपाट, कडक जागेवर घ्यायची. उतारावर काम करायचंच नाही. माती, खडी किंवा उन्हाने तापलेलं डांबर असेल तर जॅक आणि घोडी दोन्हींखाली जाड फळी हवी. जे टोक उचलणार त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावायची. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, म्हणजे हवेतल्या गाडीला झटके द्यावे लागत नाहीत. शेवटचं आवळणंही गाडी खाली आल्यावर, आणि शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा.

जॅकचं काम उचलणं, एवढंच. शाळेत पास्कलचा नियम शिकलो होतो. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, म्हणून छोट्या पिस्टनवर दिलेला थोडा जोर मोठ्या पिस्टनखाली कितीतरी पट होतो आणि माणूस एका हाताने टनभर गाडी उचलतो. पण वर गेलेल्या गाडीला धरून काय असतं? थोडं तेल, एक रबरी कडी आणि एक बारीकशी झडप. कडी झिजली किंवा झडपेत कचरा अडकला की गाडी खाली. म्हणून गाडी उचलली की लगेच तिला घोड्यांवर टेकवायची. घोडीत तेल नसतं, लोखंडावर लोखंड असतं. तिचे दाते नीट अडकलेत का, तेही वाकून डोळ्यांनी बघायचं. २०२० मध्ये अमेरिकेत असे लाखो स्टँड कंपनीने परत मागवले, कारण दाते पुरेसे खोल अडकत नव्हते. स्टँडवर लिहिलेला भार बऱ्याचदा जोडीचा असतो, एकेकाचा नव्हे, तेही वाचून घ्यायचं.

घोड्यांवर टेकवल्यावरही खाली जायचं नाही. आधी उभं राहून दोन्ही हातांनी गाडी जोरात ढकलायची, पुढेमागे आणि आडवी. पडायचीच असेल तर ती आपण बाहेर असताना पडू दे. मग जॅक हलकेच पुन्हा टेकवून तिथेच ठेवायचा आणि काढलेलं चाक दाराच्या कडेखाली आडवं सरकवायचं. म्हणजे एक आधार निसटला तरी दुसरा उरतो.

आणि एकटं असताना गाडीखाली जायचं नाही. घरात कुणाला तरी सांगून जायचं.

२०१९ मध्ये आम्ही तीन घरांनी वर्गणी काढून घरगुती पोर्टेबल लिफ्ट घेतली. चार बोटं उंचीच्या लोखंडी लांब चौकटींची जोडी, एक विजेवर चालणारा पंप आणि तेलाच्या नळ्या. गाडीच्या दोन्ही बाजूंनी चौकटी आत सरकवायच्या, रबरी ठोकळे नेमक्या खुणांखाली ठेवायचे आणि बटण दाबायचं. अख्खी गाडी चारही कोपऱ्यांनी अर्धा मीटर वर. कमी उंचीच्या गाडीला हे वरदानच आहे, फळ्यांची कसरत संपते. पण आबांचे नियम इथेही सुटत नाहीत. गाडी जेमतेम चाकं सुटण्याइतकी उचलून थांबायचं, चारही ठोकळे पुन्हा बघायचे, ढकलून बघायचं, मगच पुढे. वर जाताना या चौकटी कलत जातात, त्यामुळे गाडी थोडी पुढे किंवा मागे सरकते. भिंतीपासून तेवढं अंतर ठेवायचं. नळ्यांत हवा राहिली तर एक बाजू आधी आणि दुसरी मागून उठते, म्हणून पहिल्यांदा रिकाम्या चौकटी दोन-चारदा वर-खाली करून हवा काढायची. थंडीत तेल घट्ट होतं, गॅरेज आधी ऊबदार करायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर गेल्यावर दोन्ही बाजूंच्या अडण्या लागल्याचं बघून गाडी त्या अडण्यांवर उतरवायची. मग ती तेलावर उभी राहत नाही, लोखंडावर राहते. ही अडणी म्हणजे शेवटी घोडीच.

लिफ्ट आली त्या रात्री मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. इथल्या घड्याळांचे काटे वर्षातून दोनदा पुढेमागे होत नाहीत, त्यामुळे घरचं गणित सोपं असतं. बारा महिने साडेअकरा तास. आमचे रात्रीचे आठ म्हणजे कोल्हापुरात सकाळचे साडेसात, आबांच्या चहाची वेळ. बटण दाबून गाडी वर जाताना दाखवली. त्यांनी कौतुकाने बघितलं, "झकास हाय" म्हणाले. मग म्हणाले, "फोन खाली धर. चाकाकडं." चारही चाकं हवेत असताना दगड कशाला लावायचा, हे मी त्यांना समजावून सांगितलं. पटलं असावं, पण फार नाही.

आता आबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. लेक बारावीत आहे. त्या रविवारी तिच्या हातातला दगड आम्ही टाकला नाही, गॅरेजच्या फळीवर ठेवलाय. पिवळ्या रबरी पाचरी केव्हाच आल्यात, पण तिच्या पद्धतीत आधी तो दगड लागतो. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेला एक नवा तरुण घाईत होता, गाडी जॅकवर घेऊन लगेच वाकायला लागला. लेकीने त्याला खांद्याला धरून मागे ओढलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हँडब्रेक कुठल्या चाकांना असतो?"

तिचं मराठी इथलं आहे, "असतोय" तिला म्हणता येत नाही. पण वर चिवडा परतत असताना ते माझ्या कानावर आलं आणि मी गॅस बंद करून दोन मिनिटं तसाच उभा राहिलो.

यंदाचा शनिवार ठरलाय. ज्यांना यायचंय त्यांनी आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे फराळाचा अंदाज येतो. टायर धुऊन आणावेत. घाई घरी ठेवून यावी.